कुलपाची साक्ष

आमच्या स्नेह्यांपैकीं एकांनीं सेवानिवृत्तीची तयारी म्हणून गच्चीवर भाजीपाला लावला आहे, दुसरे सतार शिकतात, आणि तिसऱ्यांनीं ज्ञानेश्वरी हातीं घेतली आहे. आम्हीं पन्नाशी ओलांडल्यावर जो छंद जवळ केला त्याचें नांव चारचौघांत उच्चारतांना मात्र आमची जीभ अजूनहि किंचित् अडखळते. आम्ही किल्लीवांचून कुलपें उघडतों. वाचकांनीं दचकूं नये. हीं कुलपें आम्हीं पावती घेऊन बाजारांतून आणिलेलीं असतात, तीं कशालाच लावलेलीं नसतात, आणि उघडल्यावर त्यांतून कांहींएक प्राप्त होत नाहीं.

या छंदाचें मूळ आमच्या वडिलांच्या ट्रंकेंत आहे. कैलासवासी वडील आपल्या लोखंडी ट्रंकेची किल्ली जानव्यास बांधून ठेवीत, आणि चाळीस वर्षांत ती तेथून हललेली आम्हीं पाहिली नाहीं. अखेरच्या दुखण्यांत रुग्णालयामध्यें कोणीतरी जानवें काढून ठेविलें व त्याबरोबर किल्लीहि नाहींशी झाली. दिवसकार्य आटोपल्यावर ट्रंक उघडणें प्राप्त होतें. मंडईजवळ एका झाडाखालीं किल्ल्या करून देणारा एक गृहस्थ बसतो, त्यास आम्हीं घरीं आणिलें. त्यानें दोन वांकड्या तारा कुलपांत घातल्या, मान एका बाजूस कलती केली, आणि आमच्या सौ. आंतून पाण्याचा पेला घेऊन येतात न येतात तोंच कुलूप उघडून त्याच्या तळहातावर पडलें. ट्रंकेंत विम्याचे जुने कागद, दोन कोरीं धोतरें आणि आमचीं शाळेंतील प्रगतिपुस्तकें होतीं. त्यांकडे पाहून गहिंवरून यावें असा तो प्रसंग. पण आमचें सारें लक्ष त्या कुलपाकडे लागलें होतें. ज्याच्या भरंवशावर वडील चाळीस वर्षें निश्चिंत झोंपले, तें एक पेला भरण्याइतका वेळहि टिकलें नाहीं! हें कसें साधलें, असें आम्हीं विचारतां तो गृहस्थ म्हणाला, "सर, डोळ्याचं काम नाहीं हें. बोटांना ऐकूं यावं लागतं."

संस्कृत नाटकें वाचलेल्यांस येथें शर्विलक आठवेल. 'मृच्छकटिका'तला हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतांना मोजण्याची दोरी विसरतो, तेव्हां जानव्यानें माप घेतो. आणि जानव्याचे उपयोग सांगतांना दाराच्या कड्या त्यानें काढतां येतात, हेंहि सांगण्यास चुकत नाहीं. आमच्या वडिलांनीं ज्या सूत्रास किल्ली बांधली, तेंच सूत्र शर्विलक किल्लीच्या ठिकाणीं वापरतो! दोघांच्या वंशांत कोठेंतरी आम्ही बसतों.

झाडाखालच्या गुरूनें पुढें आम्हांस जें शिकविलें तें थोडक्यांत असें. नेहमींच्या कुलपांत पितळेचा एक वाटोळा गाभा असतो. त्यांत उभीं चार-पांच भोकें, प्रत्येक भोकांत एकावर एक अशा दोन खिळ्या, आणि वरून त्यांस दाबून धरणारी एक बारीक स्प्रिंग. खरी किल्ली आंत गेली म्हणजे प्रत्येक जोडींतील फट नेमकी गाभ्याच्या कांठाशीं येते आणि गाभा फिरतो. लाकडी खुंट्यांचें या जातीचें कुलूप प्राचीन मिसर देशांत होतें. त्यास धातूचें आजचें सुटसुटीत रूप अमेरिकेंत लायनस येल यानें १८६० च्या सुमारास दिलें. किल्ली नसलेल्या माणसास यांतून जी वाट सांपडते ती कारागिराच्या चुकीमुळें. पांच भोकें तंतोतंत एका रेषेंत कोणासहि पाडतां येत नाहींत. म्हणून गाभ्यास किंचित् ताण दिला कीं पांचहि खिळ्या एकदम अडकत नाहींत, एकच अडकते. ती हळूच उचलावी; ती बसली कीं गाभा केसभर फिरतो आणि दुसरी अडकते. अशा रीतीनें एकेकीची समजूत घालीत जावें. कुलूप जितकें स्वस्त तितकी कारागिराची चूक मोठी, आणि चूक जितकी मोठी तितकें आमचें काम सोपें.

मोटारीची कांच पुसणाऱ्या वायपरांतील पोलादी पट्टी घासून आम्हीं घरींच हत्यारें केलीं. पहिलें कुलूप उघडण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. त्या क्षणीं गाभ्यानें बोटाशीं जो अगदीं हलका 'टक्' असा शब्द केला, त्याची सर आजवर कोणत्याहि उत्तरपत्रिकेंतील उत्तरास आलेली नाहीं. जर्मनींत १९९७ सालीं अशा हौशी मंडळींनीं संघ स्थापिला असून तेथें कुलपें उघडण्याच्या स्पर्धा होतात. या पंथाचे दोन नियम सर्वत्र मान्य आहेत: जें कुलूप आपलें नाहीं तें मालकाच्या परवानगीवांचून उघडूं नये, आणि ज्यावर कोणी विसंबून आहे अशा कुलपास, तें आपलें असलें तरी, हात लावूं नये. फ्रान्सच्या सोळाव्या लुईस कुलपें घडविण्याचा नाद होता. गामें नांवाचा कारागीर त्यास शिकवी. पुढें १७९२ सालीं राजवाड्याच्या भिंतींतील गुप्त लोखंडी कपाटाची वार्ता क्रांतिकारकांस दिली ती याच गामेंनें, आणि कपाटांतले कागद राजास भोंवले. आमचा गुरु झाडाखालीं बसतो व आमच्या कपाटांत राजकारण नाहीं, म्हणून आम्ही निर्धास्त होतों. संकट आलें तें भलत्याच बाजूनें.

पुण्यांत आम्ही राहतों त्या सोसायटीच्या शेजारींच एक मंगल कार्यालय आहे. लग्नसराईंत वऱ्हाडी मंडळी आपल्या मोटारी बिनदिक्कत आमच्या आवारांत लावून जेवावयास जातात. यावर उपाय म्हणून कार्यकारी मंडळानें दोन पिवळे जॅमर विकत आणिले. जॅमर म्हणजे चाकास बाहेरून मिठी मारून बसणारा लोखंडी चिमटा. तो असेतों मोटार हालत नाहीं. हें यंत्र काढलें अमेरिकेंतील डेन्व्हर शहरच्या फ्रँक मारग यानें. हा गृहस्थ सांचे करणारा कारागीर, आणि शिवाय त्या शहराच्या वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजविणारा! दंड न भरणाऱ्या मोटारवाल्यांसाठीं १९५५ सालीं डेन्व्हरच्या पोलिसांनीं तें प्रथम चाकांस चढविलें व १९५८ सालीं मारगला त्याचें पेटंट मिळालें. सरकारच्या हातांतील हें हत्यार खासगी माणसाच्या हातीं गेलें कीं काय होतें, याचा अनुभव इंग्रजांनीं पुष्कळ घेतला. स्कॉटलंडमधील न्यायालयानें १९९२ सालींच खासगी जागेंत असें चाक अडकवून पैसे मागणें बेकायदा ठरविलें, आणि इंग्लंड व वेल्समध्यें २०१२ च्या कायद्यानें तें बंद झालें. आमच्या मंडळाच्या सभेंत आम्हीं ही हकीकत सांगितली, तेव्हां चिटणिसांनीं "प्रोफेसरसाहेब, लग्नांतले लोक इंग्लंडहून येत नाहींत," असें उत्तर दिलें व ठराव मंजूर झाला.

जॅमर चढविण्याचें काम आमच्या पहारेकऱ्याकडे आलें. साठीच्या घरांतले, मराठवाड्यांतून पोटासाठीं पुण्यास आलेले हे गृहस्थ. सारी सोसायटी त्यांस मामा म्हणते. एके दिवशीं संध्याकाळीं त्यांच्या चौकींत आम्ही चहा घेत बसलों असतां पायाशीं तो पिवळा चिमटा पडला होता. कुलपाचें तोंड पाहतांच आमचीं बोटें शिवशिवूं लागलीं. मामांनीं "बघा कीं," म्हटलें. (सोसायटीची परवानगी आम्हीं घेतली नव्हती, हें येथेंच कबूल करतों.) आंत चारच खिळ्या, आणि त्याहि इतक्या सैल कीं एकेकीची समजूत घालण्याचेंहि कारण पडलें नाहीं, दांतेरी पट्टी दोनदां आंतबाहेर ओढतांच चिमटा उघडला. चहा अजून वाफाळत होता. मामा आधीं हंसले, मग गंभीर झाले व म्हणाले, "सर, हें कोणाला सांगूं नका. लोकांना कळलं तर माझा धाक राहणार नाहीं." आम्हीं शब्द दिला. त्यांत आम्हांस आपलें शहाणपणच वाटलें. जें दुबळें आहे तें गुप्त ठेवावें, म्हणजे निदान दुष्टांस कळत नाहीं, असा आमचा भोळा समज.

मग गेल्या वैशाखांतली ती गोष्ट घडली. शुक्रवारीं रात्रीं एक भली मोठी पांढरी मोटार एका सभासदाच्या जागेवर येऊन उभी राहिली. मामांनीं तिच्या चाकास जॅमर चढविला. सकाळीं पाहावें तों मोटार नाहीं. जॅमर भिंतीशीं नीट मिटवून ठेवलेला, आणि त्याच्या अंगावर एक ओरखडासुद्धां नाहीं. दंडाचे पांचशें रुपये अर्थातच आले नव्हते. फाटकावरचा कॅमेरा तेव्हां दुरुस्तीची वाट पाहत होता. पहांटे आपल्याला तासभर डुलकी लागली, हें मामांनीं न विचारतांच सांगून टाकलें. त्यावर कोणी विश्वास ठेवीना. किल्ल्या दोन, एक चिटणिसांच्या कपाटांत, दुसरी मामांच्या खिशांत. कुलूप फोडलेलें नाहीं. म्हणून मामांनीं पैसे खाऊन तें उघडून दिलें. आम्हीं तरुणपणीं तर्कशास्त्राचे धडे गिरविले आहेत. या अनुमानांत दोष काढण्यास जागा नाहीं. फक्त एक गृहीतक त्यांत न बोलतां येऊन बसलें होतें, तें हें कीं किल्लीवांचून हें कुलूप उघडत नाहीं. तें खोटें आहे, हें साऱ्या सोसायटींत दोघांसच ठाऊक होतें. त्यांपैकीं एकावर आरोप होता आणि दुसरा प्रतिष्ठित होता.

शनिवारीं दिवसभर मामांस उलटसुलट विचारण्यांत आलें. रविवारीं सकाळीं सभा होऊन त्यांस काढून टाकण्यांत येणार, हें ठरल्यासारखेंच होतें. मामांनीं आमचें नांव घेतलें नाहीं. रात्रीं आम्ही चौकींत गेलों व त्यांस विचारलें, "मामा, तुम्ही सांगितलं कां नाहीं?" ते म्हणाले, "सांगून काय सर? मग तुमच्यावर आलं असतं. तुमचं नांव मोठं आहे." घरीं येऊन ही हकीकत सौ.च्या कानांवर घातली. त्या व्यवहार जाणतात. "अहो, मामांचं मलाहि वाईट वाटतं, पण उद्यां कोणाच्या घरीं चोरी झाली तर पहिलं नांव कोणाचं निघेल?" या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

झोंप येईना, म्हणून आम्ही पुस्तकाच्या द्वारें १८५१ सालच्या लंडनांत शिरलों. त्या वर्षीं हाइड पार्कांत कांचेच्या महालांत सर्व राष्ट्रांचें थोर प्रदर्शन भरलें होतें. तेथें न्यूयॉर्कच्या एका पेढीचीं कुलपें घेऊन आल्फ्रेड हॉब्ज नांवाचा अमेरिकन आला. इंग्रजांस तेव्हां दोन कुलपांचा मोठा अभिमान होता. पैकीं ब्रामाचें कुलूप १७९० पासून पिकॅडिलीवरील दुकानाच्या खिडकींत टांगलेलें असे, आणि जो कोणी तें किल्लीवांचून उघडील त्यास दोनशें गिनी देऊं, अशी त्यावर पाटी असे. दुसरें चब्बचें. पोर्ट्स्मथच्या गोदींत १८१७ सालीं खोट्या किल्ल्यांनीं चोरी झाली, त्यावरून तें १८१८ सालीं जन्मास आलें. त्यांत अशी युक्ति होती कीं खोट्या हत्यारानें आंतली पट्टी जराशी फाजील उचलली गेली कीं कुलूप अडकून बसे, मग मालकाची खरी किल्लीहि प्रथम चालत नसे, आणि कोणीतरी हात घातला होता हें मालकास कळे. कैद्यांच्या गलबतावरील एका कुलूपकारास तें उघडल्यास सुटका मिळेल असें आश्वासन देण्यांत आलें; दोन-तीन महिने खपून त्यानें हात टेकले. हॉब्जनें चब्बचें कुलूप साक्षीदारांसमक्ष पंचवीस मिनिटांत उघडलें, आणि तेंहि त्याच्या त्या चुगलखोर पट्टीसच फितूर करून घेऊन! ब्रामाच्या कुलपास त्यास सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले; दोनशें गिनी त्यास मोजून देण्यांत आल्या. पुढें हॉब्जच्या पेढीचें कुलूप येलनें उघडलें, ती गोष्ट निराळी.

लंडनांत त्यावर गहजब झाला. असली विद्या उघड करणें म्हणजे चोरांची शाळा काढणें, असें पुष्कळांस वाटलें. हॉब्जच्या माहितीवरून टॉमलिन्सन यानें १८५३ सालीं कुलपांवर जें पुस्तक संपादिलें, त्याच्या आरंभींच या आक्षेपास उत्तर आहे. त्याचा मथितार्थ असा, कीं चोर आपल्या धंद्यांत आपल्याहून शहाणे असतात. अज्ञान राहतें तें प्रामाणिक गिऱ्हाइकाचें. आम्हीं हें पूर्वीं वाचलें होतें, मान डोलावली होती, आणि चौकींत चहा पितांना सोयिस्करपणें विसरलों होतों. त्या रात्रीं आम्हांस त्यांत आणखी एक गोष्ट दिसली. चब्बचें कुलूप निदान साक्ष देई. जें कुलूप फोडलें जातें तेंहि आपल्या अंगावरच्या घावांनीं साक्ष देतें. पण जें स्वस्त कुलूप अलगद उघडतें व अलगद मिटतें तें मुकें राहतें, आणि त्याच्या वतीनें जबाब देण्यास किल्ली बाळगणाऱ्यास उभें राहावें लागतें. आम्हीं गुप्त ठेविलें त्याचा उपयोग त्या पांढऱ्या मोटारवाल्यास झाला, जॅमर विकणारास झाला. किंमत मामांच्या पगारांतून जाणार होती.

रविवारीं सभेंत आम्ही उभे राहिलों आणि सांगितलें कीं हें कुलूप आम्हीं स्वतः किल्लीवांचून उघडलें आहे. मंडळी हंसली. मग आमच्याच मोटारीच्या चाकास चिटणिसांनीं आपल्या हातानें जॅमर चढविला, दोन्ही किल्ल्या अध्यक्षांनीं मुठींत धरल्या, आणि आम्हीं सर्वांसमक्ष फरशीवर गुडघे टेकले. वाचकहो, एकांतांतली विद्या आणि सभेंतली विद्या यांत फार अंतर असतें. हातांस घाम सुटला. पट्टी निसटूं लागली. चौकींत एका घोटाचें काम, तें येथें दहा मिनिटें होईना. तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ घड्याळ पाहून शेजाऱ्याच्या कानांत कांहीं बोलले. मामा भिंतीशीं उभे होते. ते आमच्याकडे पाहत नव्हते. आम्हीं डोळे मिटले, झाडाखालच्या गुरूचें स्मरण केलें, ताण अर्ध्यावर आणिला, आणि तो 'टक्' बोटांस ऐकूं आला. "योगायोग," असें चिटणीस म्हणाले. आम्हीं दुसऱ्यांदां उघडला. या वेळीं अर्धें मिनिटहि लागलें नाहीं. मग एका सभासदाच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलानें सांगितलें कीं चाकांतील हवा सोडली तर असला सैल चिमटा नुसता ओढूनहि निघतो. त्याच्या वडिलांनीं त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, तीच नजर थोड्या वेळापूर्वीं आमच्याकडे वळली होती.

मामा राहिले. डुलकीबद्दल त्यांचा एक दिवसाचा पगार कापण्यांत आला. तो आम्ही देऊं लागलों, त्यांनीं घेतला नाहीं. जॅमर बदलावे ही आमची सूचना मात्र पैसे नुकतेच खर्च झाल्याच्या कारणास्तव पुढें ढकलण्यांत आली, आणि ते पिवळे चिमटे आजहि चाकांस चढतात. त्याऐवजीं दुसऱ्या दिवशीं फलकावर सूचना लागली: सर्व सभासदांनीं आपापल्या दारांचीं कुलपें तपासून घ्यावीं. ती वाचतांना आम्हांस पदार्थविज्ञानवेत्ता रिचर्ड फाइनमन आठवला. महायुद्धांत अणुबाँबच्या कामावर असतांना हा गृहस्थ हौसेनें तिजोऱ्या उघडी. एका लष्करी अधिकाऱ्यास त्यानें दाखवून दिलें कीं तिजोरीचें दार उघडें राहिलें असतां तिचे आंकडे हुडकतां येतात, तरी दारें मिटलेलीं ठेवावीं. अधिकाऱ्यानें उपाय योजिला तो असा, कीं ज्यांच्या ज्यांच्या खोलींत फाइनमन येऊन गेला असेल त्यांनीं आपले आंकडे बदलावे! ही हकीकत त्यानेंच १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत दिली आहे.

आमच्या समोरच्या बिऱ्हाडाशीं आमचा वीस वर्षांचा घरोबा. परगांवीं जातांना त्यांची किल्ली आमच्याकडे राहावयाची. तुळशीस पाणी घालण्याचें काम सौ.चें. परवां ते आठ दिवस कोंकणांत गेले, तेव्हां किल्ली खालच्या मजल्यावर ठेवून गेले. जातांना त्यांनीं दारास एक नवें, मोठें, चकचकीत कुलूप लावलें. सौ. कांहीं बोलल्या नाहींत; पण संध्याकाळीं त्या दाराशीं उभ्या राहून जाळींतून तुळशीकडे पाहत होत्या. तें नवें कुलूप आम्ही बाजारांत पाहिलेलें आहे. त्याच्या पोलादाच्या जाड अंगांत गाभा जॅमरच्याच जातीचा आहे. ते परत आल्यावर हें त्यांस सांगावें असें आम्हीं म्हटलें, तेव्हां सौ. म्हणाल्या, "आतां तरी गप्प बसा." ते मंगळवारीं येणार आहेत.